साहित्यसम्राट तात्यासाहेब केळकर



यंदा आमच्या शाळेत मंत्रिमंडळाची निवडणूक झाली. मी मुख्यमंत्रिपदाला उभा होतो. तीन मतांनी पडलो. मग मला सचिव केलं. सचिवाचं काम म्हणजे सभेची वही लिहिणं. दुसऱ्यानं बोलायचं अन् आपण लिहायचं! मला फार राग आला. वर्गात दोन पार्ट्या पडल्या. खिचडी खातानासुद्धा आम्ही वेगवेगळे बसू लागलो. गुरुजींनी ते पाहिलं, पण ते रागावले नाहीत. २४ ऑगस्टला न. चिं. केळकरांची जयंती असते, तर भित्तिपत्रकासाठी त्यांचं चरित्र तू लिही, एवढंच त्यांनी मला सांगितलं.

मला टिळक माहीत होते, केळकर माहीत नव्हते. घरी आबाजींनी मात्र नाव ऐकताच ओळखलं. लोक त्यांना साहित्यसम्राट म्हणत, असं त्यांनी सांगितलं. मग गुरुजींनी दिलेली पुस्तकं मी वाचली. त्यातून जे समजलं ते लिहितो.

नरसिंह चिंतामण केळकर यांचा जन्म २४ ऑगस्ट १८७२ रोजी मोडनिंब या गावी झाला. हे गाव आज सोलापूर जिल्ह्यात आहे. त्यांना सर्वजण तात्यासाहेब म्हणत. ते बी. ए. झाले, वकिलीची परीक्षा पास झाले आणि साताऱ्यास वकिली करू लागले. पण १८९६ साली लोकमान्य टिळकांच्या मदतीसाठी ते पुण्यास आले आणि कायमचे तिथलेच झाले.

टिळकांची दोन वर्तमानपत्रं होती. मराठीत ‘केसरी’ आणि इंग्रजीत ‘मराठा’. १८९७ साली टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा झाली. तेव्हा केळकर अवघे पंचवीस वर्षांचे होते. पत्रांचा भार त्यांच्यावर आला. पुढे १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन ब्रह्मदेशात मंडालेला नेलं. त्याच वर्षी केळकरांनाही कोर्टाच्या बेअदबीबद्दल तुरुंग पाहावा लागला. तरी त्यांनी लेखणी सोडली नाही. १९१६ साली टिळकांनी होमरूल लीग काढली. तिचे चिटणीस झाले केळकर. म्हणजे तेही सचिवच! हे वाचलं तेव्हा मला जरा बरं वाटलं.

राजकारणाच्या या गर्दीत ते इतिहास लिहीत होते. आयर्लंड हा देशही इंग्रजांच्या ताब्यात होता, म्हणून त्यांनी आयर्लंडचा इतिहास लिहिला. इटलीचा देशभक्त गॅरिबाल्डी याचं चरित्र लिहिलं. १८१८ साली पेशवाई बुडाली. त्याला शंभर वर्षं झाली तेव्हा, १९१८ साली, त्यांनी ‘मराठे व इंग्रज’ हा ग्रंथ लिहिला. एवढे शूर मराठे, मग ते हरले कसे, हा त्यातला प्रश्न. नुसता इंग्रजांना दोष देऊन ते थांबले नाहीत. आपसातली फूट आणि मध्यवर्ती सत्तेचा ढिलेपणा, असे आपल्या घरातले दोषही त्यांनी दाखवले. आपल्याच लोकांचे दोष लिहायला धैर्य लागतं.

१ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य वारले. इथून तात्यासाहेबांची खरी परीक्षा सुरू झाली. ज्या फुटीबद्दल त्यांनी ग्रंथात लिहिलं होतं, ती फूट आता त्यांच्याच घरी आली. महात्मा गांधींनी सरकारशी असहकार करायला सांगितलं. कौन्सिलात जाऊ नये असं गांधीजींचं मत, तर आत जाऊन भांडावं असं केळकरांचं मत. टिळकांचेच दुसरे सहकारी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर गांधीजींकडे वळले. त्यांनी ‘केसरी’ सोडला आणि १९२३ साली मुंबईत ‘नवाकाळ’ काढला. एका गुरूचे दोन शिष्य, पण वाटा दोन झाल्या.

केळकर १९२३ साली स्वराज्य पक्षातर्फे दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात निवडून आले. पण तो पक्षही एक राहिला नाही. त्याचं निमित्त आपल्या वऱ्हाडातलंच आहे. अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे यांनी १९२५ साली मध्यप्रांत सरकारात मोठं अधिकारपद घेतलं. मोतीलाल नेहरूंना ते मुळीच पटलं नाही. केळकर, बॅरिस्टर जयकर आणि नागपूरचे डॉ. मुंजे यांचं मत निराळं होतं. सरकार जिथे बरं करील तिथे मदत करावी, जिथे वाईट करील तिथे विरोध करावा, असं ते म्हणत. १९२६ साली या विचाराच्या लोकांची परिषद अकोल्यास भरली आणि नवा पक्ष निघाला. मित्रांनो, तेव्हा आपला वाशिम जिल्हा वेगळा नव्हता. तो १९९८ साली झाला. त्या वेळी आपलं मंगरूळपीर अकोला जिल्ह्यातच होतं. म्हणजे ही गोष्ट आपल्याच जिल्ह्यात घडली.

केळकर टिळकांची वाट सोडून मवाळ झाले, असा ठपका पुष्कळांनी ठेवला. पुढे ते दोनदा हिंदुमहासभेचे अध्यक्ष झाले. तेही सर्वांना आवडलं असं नाही. फुटीचे तोटे लिहिणारा माणूस स्वतः फुटलेल्या पक्षात कसा गेला, हा प्रश्न मलाही पडला. मी गुरुजींना विचारलं. ते म्हणाले की मत वेगळं असणं ही फूट नव्हे. मत वेगळं झालं म्हणून दुसऱ्याचं खरं काम नाकारणं, ही फूट.

आणि इथेच मला तात्यासाहेब मोठे वाटतात. याच धामधुमीत ते टिळकांचं चरित्र लिहीत होते. पहिला खंड १९२३ साली आला, पुढचे दोन १९२८ साली. तीन जाडजूड खंड! ज्या माणसाजवळ आपण चोवीस वर्षं काम केलं, त्याचं चरित्र लिहिणं सोपं नाही. नुसती स्तुती केली तर ते चरित्र होत नाही, आरती होते. त्यांनी टिळकांचे खटले लिहिले, वाद लिहिले, समोरच्याची बाजूही मांडली. टिळक समजून घ्यायला अभ्यासक आजही ते ग्रंथ उघडतात. कौन्सिलातली भाषणं विसरली गेली, ग्रंथ राहिला.

१९३९ साली त्यांनी ‘गतगोष्टी’ नावाचं आत्मचरित्रही लिहिलं. देश स्वतंत्र झालेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि दोनच महिन्यांनी, १४ ऑक्टोबर १९४७ रोजी, पुण्यास त्यांचं निधन झालं.

आता माझी गोष्ट पुरी करतो. मागच्या शनिवारी सभा झाली. पाण्याच्या टाकीजवळ रांग लावून हात धुवायचे, असा ठराव आमच्या मुख्यमंत्र्यानं मांडला. मी विरोध केला, कारण तो त्यानं मांडला होता. ठराव पास झाला. वही लिहायला बसलो तेव्हा त्याचं नाव गाळावं असं मनात आलं. पण मग तीन खंड आठवले. ठराव कोणी मांडला, विरोध कोणी केला, सगळं जसंच्या तसं लिहिलं. माझं नावसुद्धा विरोधात लिहिलं. वही वाचून दाखवली तेव्हा वर्ग गप्प झाला. त्या दिवशी खिचडीला आम्ही एकाच रांगेत बसलो.

अशा या थोर इतिहासकारास माझा नम्र प्रणाम!

— सचिव, इयत्ता ७ वी, शेलूबाजार