हाफकीनसाहेब व शाळेची लस

जूनअखेर विदर्भांतील शाळा उघडल्या कीं, नांव घालण्यास आलेल्या मुलाजवळ लसीकरणाचें कार्ड मागावें कीं नाहीं, हा प्रश्न गोंदिया जिल्ह्यांतहि उभा राहतो. मागावें, असें आमचें मत आहे. परंतु तें कसें मागावें हें ठरविण्यापूर्वीं, परळच्या संस्थेस ज्यांचें नांव १९२५ सालीं दिलें गेलें, त्या वाल्देमार हाफकीन यांचें चरित्र वाचकांनीं एकदां पाहावें.

हाफकीन यांचा जन्म १८६० सालीं ओडेसा येथें ज्यू कुटुंबांत झाला. धर्म बदलल्याखेरीज रशियांत वरची जागा मिळण्याची आशा नव्हती. त्यांनीं धर्म राखला व देश सोडला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत त्यांनीं पटकीवरील लस सिद्ध केली, आणि १८९२ सालीं ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढील वर्षीं ते हिंदुस्थानांत आले. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग भडकला, तेव्हां त्यांस कलकत्त्याहून बोलावण्यांत आलें.

तुपाचे थेंब टाकलेल्या पोषक द्रवांत प्लेगचे जंतु वाढवावयाचे, उष्णतेनें मारावयाचे व त्यांचीच लस करावयाची, अशी त्यांची रीति होती. १० जानेवारी १८९७ रोजीं त्यांनीं ती स्वतःच्या अंगांत घातली व ताप सोसला. मगच भायखळ्याच्या तुरुंगांतील राजी कैद्यांस टोचली. (कैद्याचा राजीपणा कितपत खरा, ही शंका वकिलाच्या मनांत यावयाचीच.) टोचलेल्यांहून न टोचलेलेच अधिक दगावले.

त्याच वर्षीं पुण्यांत साथरोगाचा नवा कायदा हातीं घेऊन रँडसाहेबांच्या अमलांत गोरे सोजीर घराघरांत शिरत होते. २२ जून रोजीं रँड यांजवर गोळी सुटली. लस ही त्या जुलमाचा भाग नव्हती. तरी डॉक्टर व सोजीर हे एकाच सरकारचे, म्हणून तिजवरहि संशय बसला. मुंबईंत आगाखान यांनीं लोकांदेखत स्वतःस टोचून घेतलें, तेव्हां त्यांचे हजारों अनुयायी आपण होऊन पुढें आले. तेथें शिपाई लागला नाहीं.

यानंतर जें घडलें तें मुलांच्या आईबापांपासून लपवूं नये. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं १०७ जणांस लस टोचली. त्यांतील १९ जण धनुर्वातानें मेले. हे सर्व एकाच बाटलींतून टोचलेले होते. इतर बाटल्यांची लस घेतलेल्यांस बाध झाला नाहीं. चौकशी समितीनें ठपका परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला, व हाफकीन यांस काम सोडावें लागलें. वास्तविक गांवीं बाटली उघडतांना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट शुद्ध न करतांच वापरला गेला, असा पुरावा होता. तो योग्य रीतीनें तोलला गेला नाहीं, असें आम्हांस वाटतें. रोनाल्ड रॉस प्रभृति शास्त्रज्ञांनीं १९०७ सालीं लंडनच्या टाइम्स पत्रांतून त्यांची बाजू मांडली, तेव्हां ते दोषमुक्त झाले. पण परळची जागा त्यांस परत मिळाली नाहीं. ते कलकत्त्यास गेले, आणि १९३० सालीं लोझान येथें वारले.

ज्या धनुर्वातानें हाफकीन यांचा घात केला, त्याच्यावरचीच लस घटसर्पाच्या लसीसह आज दहाव्या व सोळाव्या वर्षीं सरकार फुकट देतें; पांचव्या-सहाव्या वर्षींचा डोस निराळाच. सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं कोरोनाच्या लसीसंबंधीं, कोणासहि बळेंच लस टोचतां येणार नाहीं असें ठरविलें. मात्र लोकहितार्थ वाजवी निर्बंध घालण्यास मुभा ठेविली. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचा शिक्षणाचा हक्क तर २००९ च्या कायद्यानें दिलेला आहे. तेव्हां कार्ड नाहीं म्हणून देवरी वा सालेकसा येथील मजुराचें मूल दारांतून परत पाठविणें आम्हांस मान्य नाहीं. नांव आधीं घालावें, कार्ड मग पाहावें, राहिलेल्या डोसांची यादी करून आरोग्यसेविकेस शाळेंतच बोलवावें. त्या दिवशीं शिक्षकांनीं व गांवच्या प्रतिष्ठितांनीं आपलीं मुलें रांगेंत प्रथम उभीं करावीं. आमच्या भातगिरणीवाल्या व विडीच्या व्यापाऱ्यांस एवढीच विनंती कीं, मुलाबरोबर शाळेंत आलेल्या आईची त्या दिवसाची मजुरी कापूं नये.