७२ क्रमांकाची सायकलस्वार : अल्फोन्सिना स्त्रादा



पावसाळ्यात सायकलवरून शाळेत येणे म्हणजे काय, हे तुमच्यापैकी अनेकांना चांगले ठाऊक आहे. समोरून वारा येतो, डोळ्यांत पाणी जाते, ब्रेक नीट लागत नाहीत आणि चिखलात चाक रुतते. दोन-तीन किलोमीटरचे अंतरही संपता संपत नाही. आता असाच पाऊस, असाच वारा आणि २९६ किलोमीटरचा डोंगराळ कच्चा रस्ता डोळ्यांसमोर आणा. १९२४ साली इटलीत एक बाई त्या रस्त्यावरून एकटी सायकल मारत होती. तिचे नाव अल्फोन्सिना स्त्रादा.

अल्फोन्सिनाचा जन्म १६ मार्च १८९१ रोजी उत्तर इटलीत, मोदेना शहराजवळच्या कास्तेलफ्रांको एमिलिया या भागात झाला. माहेरचे आडनाव मोरिनी. आईवडील शेतमजुरी करणारे, घरात भावंडांची मोठी रांग आणि पैशांची कायमची चणचण. ती दहा वर्षांची असताना वडिलांनी एक जुनीपुराणी सायकल घरी आणली. काही कोंबड्या देऊन ती मिळवली होती, असे सांगतात. सायकल होती वडिलांच्या कामासाठी, पण अल्फोन्सिनाने ती गुपचूप शिकून घेतली. लवकरच ती आसपासच्या गावांतल्या शर्यतींत भाग घेऊ लागली. एका शर्यतीत तिला बक्षीस म्हणून चक्क डुक्कर मिळाले होते, अशीही आठवण सांगितली जाते.

त्या काळात मुलीने सायकल चालवणे लोकांना रुचत नसे. गावात तिला नावे ठेवली जात. घरच्यांनाही काळजी वाटे. मुलीने शिवणकाम करावे, लग्न करून संसार करावा, एवढीच त्यांची इच्छा. १९१५ साली तिचे लग्न लुईजी स्त्रादा या कारागिराशी झाले. लुईजीने मात्र तिला अडवले नाही. उलट लग्नात त्याने तिला शर्यतीची नवी सायकल भेट दिली! पुढे हे दांपत्य मिलान शहरात राहू लागले.

१९१७ आणि १९१८ साली अल्फोन्सिना लोंबार्दीच्या प्रसिद्ध शर्यतीत पुरुषांच्या बरोबरीने उतरली. पहिल्या वर्षी ती विजेत्याच्या तब्बल दीड तास मागून पोहोचली. दुसऱ्या वर्षी ती एकविसावी आली. तेव्हा ती आणि विजेता यांच्यात सुमारे २३ मिनिटांचेच अंतर होते.

इटलीची सर्वांत मोठी सायकल शर्यत म्हणजे जिरो दि इतालिया. देशभर फिरणारी ही शर्यत 'गाझेत्ता देल्लो स्पोर्त' हे क्रीडा दैनिक भरवत असे. १९२४ साली नामांकित खेळाडूंनी आणि त्यांच्या संघांनी सहभागासाठी पैसे मागितले. आयोजकांनी नकार दिला, तेव्हा बडी मंडळी आलीच नाहीत. मग आयोजकांनी संघाविना एकट्याने येणाऱ्यांसाठी दार उघडले. सर्वांच्या जेवणाची व मुक्कामाची सोय करण्याचे आश्वासन दिले. ९० स्पर्धक जमले. त्यांत ७२ क्रमांकावर अल्फोन्सिना होती.

तिचे नाव छापून आले, तेही गमतीदार रीतीने. इटालियन भाषेत बाईचे नाव बहुधा 'आ'ने संपते आणि पुरुषाचे 'ओ'ने. यादीत शेवटचे अक्षरच गाळून नुसते 'अल्फोन्सिन' छापले गेले. बाई की पुरुष, कळायला मार्ग नाही! १० मे रोजी मिलानहून शर्यत निघाली, तेव्हा मात्र सगळ्यांना कळले. एक बाई आली म्हणून लोक रस्त्यावर गर्दी करतील आणि वर्तमानपत्राचा खपही वाढेल, हा हिशोब आयोजकांच्या मनात होताच.

एकूण बारा टप्पे आणि सुमारे ३,६१३ किलोमीटर. पहिलाच टप्पा ३०० किलोमीटरचा. आजच्यासारखे डांबरी रस्ते नव्हते, हलक्या सायकली नव्हत्या. पंक्चर झाले तर ज्याचे त्याने काढायचे. अल्फोन्सिना प्रत्येक टप्प्यात मागून येई, पण वेळेच्या मर्यादेत येई. दमलेभागलेले पुरुष एकामागून एक शर्यत सोडून घरी जात होते. ती मात्र पुढच्या टप्प्याला पुन्हा सुरुवातीच्या रेषेवर हजर!

मग आठवा टप्पा आला, लाक्विला ते पेरूजा. धो धो पाऊस आणि सोसाट्याचा वारा. डोंगरातले रस्ते चिखलाने भरून गेले. अल्फोन्सिना पडली, उठली, पुन्हा निघाली. पंक्चर काढण्यात वेळ गेला. त्यातच सायकलचे हँडल मोडले. झाडूच्या दांड्याचा तुकडा बांधून तिने कसेबसे हँडल तयार केले आणि त्यावर हात टेकून पुढची वाट धरली, असे सांगतात. ती पेरूजाला पोहोचली खरी, पण ठरलेली वेळ टळून गेली होती.

आता काय करायचे? पंचांमध्ये मतभेद झाले. नियम सर्वांना सारखा, म्हणून तिला काढावे, असे काहींचे मत. इतक्या हालअपेष्टा सोसून आलेल्या स्पर्धकाला घरी धाडणे काहींना पटेना. शेवटी नियमाप्रमाणे तिचे नाव स्पर्धेच्या क्रमवारीतून काढले गेले. मात्र दैनिकाचे संपादक एमिलिओ कोलंबो यांनी मधला मार्ग काढला. तिची इच्छा असेल तर तिने पुढे सायकल चालवावी, खर्च आयोजक देतील. पण तिची वेळ धरली जाणार नाही.

मित्रांनो, इथे क्षणभर थांबून विचार करा. अजून चार टप्पे उरले होते, म्हणजे जवळजवळ १,३७० किलोमीटर. त्यांतला एकही किलोमीटर आता कुठेच मोजला जाणार नव्हता. तिने तेव्हाच सायकल ठेवून दिली असती, तर कोणीही तिला बोल लावला नसता. अल्फोन्सिना मात्र निघाली. इतरांचेच नियम आणि इतरांच्याच वेळा तिने पाळल्या. बोलोन्याहून फिउमेपर्यंतचा टप्पा सर्वांत लांब, ४१५ किलोमीटरचा. तो पार करायला तिला जवळपास २१ तास लागले. फिउमेच्या लोकांनी तिची वाट पाहिली आणि ती येताच तिला सायकलवरून उचलून डोक्यावर घेतले.

१ जून रोजी शर्यत मिलानला परतली. ज्युसेप्पे एन्रिची विजेता ठरला. ९० पैकी अवघ्या ३० जणांची नावे अंतिम यादीत होती. अल्फोन्सिनाचे नाव त्यात नव्हते, पण सगळे रस्ते पार करून तीही मिलानला पोहोचली होती. या शर्यतीतून मिळालेल्या पैशांची तिला फार गरज होती. ज्या लुईजीने तिला सायकल दिली, तो मानसिक आजाराने रुग्णालयात होता आणि घराचा भार तिच्यावर होता.

पुढच्या वर्षी तिला प्रवेश मिळाला नाही. आयोजकांना आता बडे खेळाडू परत मिळाले होते. तिने इतर शर्यतींत आणि सायकलच्या खेळांत नाव कमावले. लुईजीच्या निधनानंतर १९५० साली तिने कार्लो मेस्सोरी या सायकलपटूशी लग्न केले. मिलानमध्ये दोघांनी सायकलचे दुकान चालवले. १३ सप्टेंबर १९५९ रोजी, वयाच्या ६८व्या वर्षी, ती मोटारसायकलवरून एक सायकल शर्यत पाहायला गेली होती. त्याच दिवशी तिचे निधन झाले.

तिच्या मृत्यूच्या एकच वर्ष आधी, १९५८ साली, स्त्रियांसाठी रस्त्यावरील सायकल शर्यतीची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा फ्रान्समध्ये झाली. ऑलिंपिकमध्ये ही शर्यत १९८४ साली आली आणि स्त्रियांची जिरो दि इतालिया १९८८ साली सुरू झाली.

अल्फोन्सिना ती शर्यत जिंकली नाही. तिला उशीर झाला, हेही खरे आणि नियम मोडला नाही म्हणून पंचांना दोष देता येत नाही, हेही खरे. पण यादीतून नाव काढता येते, पार केलेला रस्ता कोणाला काढून घेता येत नाही. परीक्षेत, मैदानात किंवा घरच्या अडचणींत आपला क्रमांक गेला असे वाटेल, तेव्हा ७२ क्रमांकाच्या या सायकलस्वाराची आठवण ठेवा आणि उरलेला रस्ता पूर्ण करा.