सवयींतून रोगाचा माग काढणारे डॉ. खानोलकर

कर्करोग हा पाश्चात्त्यांचा रोग असून भारतात तो क्वचितच आढळतो, असा समज विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वैद्यकीय वर्तुळातही रूढ होता. हा समज पुराव्यानिशी खोडून काढणाऱ्यांमध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून ते ओळखले जातात. पण ज्या तोंडाची तपासणी दंतवैद्य रोज करतो, त्या तोंडाच्या कर्करोगाची या देशातील कारणे शोधण्याचा पायाही त्यांनीच घातला. म्हणूनच दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी त्यांचे चरित्र आवर्जून अभ्यासावे.

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी क्वेट्टा येथे झाला. लंडन विद्यापीठात त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १९२३ मध्ये विकृतिशास्त्रात एम.डी. ही पदवी संपादन केली. मायदेशी परतल्यावर मुंबईतील ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय येथे त्यांनी अध्यापन केले. १९४१ मध्ये परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली.

रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांमध्ये तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचे प्रमाण लक्षणीय होते. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी तपासून निदान लिहिणे एवढ्यावर खानोलकर थांबले नाहीत. रुग्ण कोणत्या प्रांतातला, कोणत्या समाजातला, काय खातो, काय चघळतो, कसे वस्त्र नेसतो, याची नोंद त्यांना तितकीच मोलाची वाटली. १९४५ साली सूर्याबाई यांच्यासमवेत लिहिलेल्या निबंधात त्यांनी सवयींशी निगडित असे कर्करोगाचे तीन प्रकार वर्णिले. ओठात खैनी धरल्याने होणारा, चुट्ट्याचे जळते टोक तोंडात ठेवून ओढल्याने टाळूला होणारा आणि कमरेला घट्ट नेसलेल्या धोतराच्या सततच्या घर्षणाने त्वचेला होणारा. पुढे डॉ. संघवी व डॉ. राव यांच्यासह त्यांनी तंबाखू ओढणाऱ्या व चघळणाऱ्या रुग्णांची इतरांशी तुलना केली. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने चघळण्याचा संबंध मुखपोकळीच्या, तर ओढण्याचा संबंध घशाकडील भागाच्या कर्करोगाशी असल्याचे दाखवून दिले.

खानोलकरांचे दुसरे मोठे कार्य म्हणजे त्यांनी घडवलेली माणसे. पुण्याच्या कमल रणदिवे यांनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि त्या कर्करोगाच्या नामवंत संशोधक झाल्या. सत्यवती सिरसाट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने पेशींचा वेध घेतला. तोंड हळूहळू उघडेनासे करणाऱ्या मुखतंतुमयतेच्या विकारावर सिरसाट आणि खानोलकर यांनी उंदरांवर प्रयोग केले. मिरचीतील तिखट द्रव्य हे कारण असावे काय, हा त्यांचा प्रश्न होता. पुढील संशोधनाने सुपारी हेच प्रमुख कारण असल्याचे दाखवले. मूळ तर्क मागे पडला, तरी या विकाराकडे प्रयोगशाळेचे लक्ष वेधण्याचे श्रेय त्या कामाला जाते.

१९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले आणि खानोलकर त्याचे संचालक झाले. ते आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्षही होते. १९५५ मध्ये त्यांना पद्मभूषण किताब मिळाला. पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूपदही त्यांनी भूषवले. कुष्ठरोगावरील त्यांचे संशोधनही मान्यता पावले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांनी सुरू केलेला शोध रुग्णालयाबाहेर नेला तो दंतवैद्यांनी. डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील खेड्यांत घरोघर जाऊन १ लाख १ हजार ७६१ ग्रामस्थांच्या तोंडांची तपासणी केली. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीने तंबाखूच्या ग्रामीण सवयी आणि कर्करोगपूर्व विकार यांचे चित्र जगापुढे मांडले.

खानोलकरांच्या निधनानंतरच्या वर्षी, १९७९ मध्ये, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी अल्पमुदतीची संशोधन विद्यावृत्ती सुरू केली. दंतवैद्यकाचे विद्यार्थीही तिचा लाभ घेऊ शकतात. अभ्यासक्रमाची सक्ती नसताना, स्वेच्छेने एखादा प्रश्न निवडून दोन महिने त्यामागे लागण्याची ही संधी आहे. प्रमाणपत्रापुरतीच ती वापरली गेली, तर तिचा हेतू विफल होतो. पुणे-नाशिक रस्त्यावरील पेठ, मंचर किंवा नारायणगावसारख्या गावी तपासणी शिबिर भरते, तेव्हा किडलेल्या दाढेबरोबरच गालाच्या आतला पांढरा चट्टाही पाहायचा असतो. मिश्री किती वर्षे लावता, सुपारी कधीपासून खाता, हे विचारून नोंदवून ठेवायला खर्च येत नाही. वेळीच ओळखलेला तो चट्टा एका माणसाचा जीव वाचवू शकतो, आणि नीट ठेवलेल्या शेकडो नोंदी पुढच्या अनेकांचा. खानोलकरांच्या संशोधनाची सुरुवातही रुग्णाला विचारलेल्या अशाच साध्या प्रश्नांपासून झाली होती.