एत्तोरे बुगाटी

एत्तोरे आर्को इसिदोरो बुगाटी (१५ सप्टेंबर १८८१, मिलान, इटली – २१ ऑगस्ट १९४७, पॅरिस, फ्रान्स) हे इटलीत जन्मलेले मोटार-अभिकल्पक व उद्योजक होते. त्यांनी १९०९ मध्ये अल्सास प्रांतातील मोल्सहाइम येथे स्वतःच्या नावाची मोटार कंपनी स्थापन केली. दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळात त्यांच्या हलक्या व वेगवान गाड्यांनी युरोपातील शर्यतींवर आपला ठसा उमटवला. १९२४ साली तयार झालेली टाइप ३५ ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध गाडी होय. या गाडीच्या आठ रुंद आऱ्यांच्या ओतीव ॲल्युमिनियम चाकांमुळे क्रीडामोटारीच्या चाकाकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

कुटुंब व बालपण

बुगाटी यांचा जन्म कलावंतांच्या घराण्यात झाला. आजोबा जोव्हान्नी लुइजी हे वास्तुरचना व शिल्पकलेशी संबंधित होते. वडील कार्लो बुगाटी हे फर्निचर व दागिन्यांचे नामवंत अभिकल्पक होते. आत्या लुइजिया ही चित्रकार जोव्हान्नी सेगांतिनी यांची जीवनसंगिनी होती. एत्तोरे यांनाही कलेचे शिक्षण मिळावे अशी घरच्यांची इच्छा होती. मात्र धाकटा भाऊ रेम्ब्रांट (१८८४–१९१६) याच्या हातातील शिल्पकौशल्य पाहून एत्तोरे यांनी आपला मार्ग यंत्रांकडे वळवला. रेम्ब्रांट पुढे प्राणिशिल्पांसाठी विख्यात झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ मध्ये, त्याने पॅरिस येथे आत्महत्या केली.

घराण्यातील कलेचे संस्कार एत्तोरे यांच्या यांत्रिक कामातही उतरले. इंजिनाचे चौकोनी, सपाट पृष्ठभाग, हाताने घासून चकाकवलेला धातू आणि घोड्याच्या नालेच्या आकाराची रेडिएटरची जाळी ही त्यांच्या गाड्यांची ओळख ठरली.

उमेदवारी व पहिल्या मोटारी

सतराव्या वर्षाच्या सुमारास बुगाटी मिलानमधील प्रिनेत्ती व स्तुक्की या सायकली व मोटार-तीनचाकी बनवणाऱ्या कारखान्यात उमेदवार म्हणून दाखल झाले. १९०१ मध्ये गुलिनेल्ली बंधूंच्या आर्थिक साहाय्याने त्यांनी बांधलेली मोटार मिलानच्या प्रदर्शनात पारितोषिकास पात्र ठरली. ती पाहून द दीत्रिक या कंपनीने त्यांना अल्सासमधील नीडरब्रॉन येथील कारखान्यासाठी करारबद्ध केले. त्या वेळी ते अज्ञान असल्याने करारावर वडिलांना सही करावी लागली. अल्सास तेव्हा जर्मन साम्राज्यात होते.

यानंतर त्यांनी स्त्रासबुर्ग येथे एमिल मातीस यांच्यासोबत आणि १९०७ पासून क्योल्न येथील डॉइट्झ या इंजिन कारखान्यात काम केले. डॉइट्झच्या नोकरीत असतानाच त्यांनी घराच्या तळघरात एक छोटी, हलकी मोटार स्वतः बांधली. ती टाइप १० म्हणून ओळखली जाते. मोठ्या इंजिनाऐवजी कमी वजनातून वेग साधण्याचा त्यांचा विचार या गाडीत प्रथम स्पष्टपणे दिसतो.

मोल्सहाइमचा कारखाना

१९०९ मध्ये बुगाटी यांनी मोल्सहाइम येथील एक बंद पडलेला रंगकामाचा कारखाना घेतला व तेथे उत्पादन सुरू केले. टाइप १३ ही तेथील पहिली महत्त्वाची गाडी होय. १९११ मध्ये ल माँ येथील शर्यतीत एर्नेस्ट फ्रिडरिक यांनी सुमारे १.३ लिटर इंजिनाच्या या गाडीतून दुसरा क्रमांक मिळवला. पहिली आलेली फियाट गाडी तिच्याहून कितीतरी मोठ्या इंजिनाची होती. याच काळात बुगाटी यांनी प्यूजो कंपनीसाठी बेबे या लहान मोटारीचा आराखडा तयार केला.

पहिल्या महायुद्धात त्यांना अल्सास सोडावे लागले. पॅरिस येथे त्यांनी विमानांसाठी इंजिने तयार केली. युद्धानंतर अल्सास फ्रान्सकडे गेले आणि बुगाटी मोल्सहाइमला परतले. १९२१ मध्ये इटलीतील ब्रेशिया येथील शर्यतीत त्यांच्या गाड्यांनी पहिले चारही क्रमांक पटकावले. तेव्हापासून टाइप १३च्या त्या आवृत्तीला ब्रेशिया हे नाव मिळाले.

टाइप ३५ व ओतीव चाक

१९२४ मध्ये बुगाटी यांनी शर्यतीसाठी टाइप ३५ ही गाडी सादर केली. तिच्यात ओळीत आठ सिलिंडर असलेले दोन लिटर क्षमतेचे इंजिन होते. पुढचा आस पोकळ असून कमानपाटे त्याच्या आरपार ओवलेले होते. तिचा सर्वांत लक्षवेधी भाग म्हणजे तिची चाके.

त्या काळच्या बहुतेक वेगवान गाड्यांना तारांच्या आऱ्यांची चाके असत. अशी चाके हलकी असत. परंतु वळणावर बाजूने येणाऱ्या जोराने तारा ताणल्या जात, सैल होत वा तुटत आणि त्या वारंवार आवळाव्या लागत. बुगाटी यांनी त्याऐवजी आठ सपाट, रुंद आरे असलेले ॲल्युमिनियमचे ओतीव चाक वापरले. ब्रेकचा ड्रमही चाकासोबत एकसंध ओतलेला होता व ब्रेकच्या घर्षणासाठी त्यात पोलादी अस्तर बसवलेले होते. टायर ज्यावर बसतो ती रिम स्क्रूंनी जोडलेली असून ती सुटी करता येत असे.

या रचनेमागे तीन विचार दिसतात. पहिला वजनाचा. गाडीचा सांगाडा कमानींवर तोललेला असतो, परंतु चाक, टायर, ब्रेक व आस यांचे वजन कमानींच्या खाली राहते. हे वजन जितके अधिक, तितके खाचखळग्यावरून उसळलेले चाक जमिनीवर परतण्यास अधिक वेळ घेते. तेवढा काळ टायरची पकड नाहीशी होते व गाडी ना वळते ना थांबते. शिवाय फिरणाऱ्या चाकाला वेग देण्यासाठी व तो कमी करण्यासाठीही ऊर्जा खर्च होते.

दुसरा विचार उष्णतेचा. ब्रेक लावताना निर्माण होणारी उष्णता साठून राहिली, तर ब्रेकची पकड कमी होते. ॲल्युमिनियम उष्णता लवकर वाहून नेते आणि फिरणाऱ्या आऱ्यांमधून जाणारी हवा ड्रमला थंड ठेवण्यास मदत करते. तिसरा विचार शर्यतीतील वेळेचा. चाक काढताच ड्रमही सोबत बाहेर येई आणि ब्रेकचे आतील भाग उघडे पडत. त्यामुळे टायर बदलतानाच ब्रेकची स्थितीही पाहता येत असे.

या रचनेला मर्यादाही होत्या. प्रत्येक चाकाला, अगदी जादा चाकालाही, स्वतःचा ड्रम आवश्यक होता. ओतकाम नाजूक व खर्चिक होते. ओतीव धातूत दोष राहिल्यास तडा जाण्याचा धोका असे.

१९२४ ची ल्यों ग्रांप्री

३ ऑगस्ट १९२४ रोजी ल्यों शहराजवळ झालेल्या फ्रेंच ग्रांप्रीत टाइप ३५ प्रथमच शर्यतीत उतरली. सुमारे २३ किलोमीटरच्या वळणदार मार्गाच्या ३५ फेऱ्या, म्हणजे ८०० किलोमीटरहून अधिक अंतर, पार करावयाचे होते. बुगाटी यांनी पाच गाड्या आणल्या होत्या. नव्या गाडीची सुबक ठेवण व नवी चाके यांनी शर्यतीपूर्वीच सर्वांचे लक्ष वेधले होते.

शर्यतीत मात्र या गाड्यांची निराशा झाली आणि तिचे कारण इंजिन किंवा चाक नव्हते. गाड्यांना खास बनवून घेतलेले टायर बसवले होते. त्यांच्या रबराचे व्हल्कनीकरण, म्हणजे गंधक व उष्णता यांच्या साहाय्याने रबर पक्के करण्याची क्रिया, पुरेसे झालेले नव्हते असे कारण बुगाटी यांनी दिले. वेगाने तापलेल्या टायरचा जमिनीला टेकणारा रबरी थर आतील कापडापासून सुटू लागला. चालकांना पुन्हा पुन्हा थांबावे लागले. जाँ शासान्य सातव्या व फ्रिडरिक आठव्या क्रमांकावर राहिले. इटलीच्या ज्युसेप्पे काम्पारी यांनी आल्फा रोमिओच्या पी२ गाडीतून ही शर्यत जिंकली.

ही निराशा फार काळ टिकली नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्पेनमधील सान सेबास्तियान येथील शर्यतीत बार्तोलोमेओ कोस्तान्तिनी यांनी टाइप ३५ मधून दुसरा क्रमांक मिळवला. सिसिली बेटावरील टार्गा फ्लोरिओ ही डोंगराळ रस्त्यांवरील शर्यत १९२५ ते १९२९ अशी सलग पाच वर्षे बुगाटी गाड्यांनी जिंकली. त्यांपैकी पहिली दोन विजेतेपदे कोस्तान्तिनी यांची होती. १९२९ मध्ये झालेली पहिली मोनॅको ग्रांप्री विल्यम ग्रोव्हर-विल्यम्स यांनी टाइप ३५बी या आवृत्तीतून जिंकली.

ल्यों येथील अपयश आणि पुढील यश यांची तुलना अभियांत्रिकीच्या दृष्टीने बोधप्रद आहे. चाक कितीही उत्तम असले, तरी जमिनीशी संबंध टायरचाच येतो. वेग, भार व उष्णता यांना पुरून उरणारा टायर नसेल, तर चाकात साधलेला लाभ वाया जातो.

चाकांचा पुढील विकास

१९३१ मधील टाइप ५१ या गाडीत चाक व रिम एकसंध ओतण्यात आली. रिमच्या मध्यभागी खोलगट भाग ठेवल्याने टायर चढवणे व उतरवणे शक्य झाले आणि सुट्या रिमची गरज उरली नाही. टाइप ३५ व टाइप ५१ या दिसायला सारख्या गाड्या ओळखण्याची ही एक सोपी खूण आहे.

१९३३ च्या टाइप ५९ मध्ये बुगाटी यांनी तारांच्या आऱ्यांचा पुन्हा वापर केला, परंतु त्यांचे काम बदलले. या चाकाच्या बारीक, सरळ तारा केवळ गाडीचा भार पेलत. चाक फिरवण्याचा व ब्रेकचा जोर रिमच्या कडेजवळील दातेरी जोडणीतून थेट ड्रमच्या बाजूच्या तबकडीकडून येई. पियानोच्या तारांसारख्या दिसणाऱ्या या आऱ्यांमुळे ही चाके आजही मोटार-अभ्यासकांच्या कौतुकाचा विषय आहेत.

इतर बाबतींत बुगाटी यांचा स्वभाव इतका नवमतवादी नव्हता. इतर उत्पादकांनी द्रवदाबावर चालणारे ब्रेक स्वीकारल्यावरही ते दीर्घकाळ तारेने ओढल्या जाणाऱ्या ब्रेकवर अडून राहिले. टाइप ५७ या गाडीला द्रवदाबाचे ब्रेक १९३८ मध्ये मिळाले.

रॉयाल व रेल्वेचे डबे

१९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात बुगाटी यांनी राजेमहाराजांसाठी टाइप ४१ रॉयाल ही प्रचंड मोटार तयार केली. तिचे इंजिन सुमारे १२.७ लिटर क्षमतेचे होते. जागतिक मंदीमुळे अशा केवळ सहा गाड्या बांधल्या गेल्या व त्यांपैकी तीनच ग्राहकांना विकल्या गेल्या. या इंजिनांचा उपयोग त्यांनी १९३३ पासून फ्रेंच रेल्वेच्या जलद स्वयंचलित डब्यांसाठी केला. अशा एका डब्याने १९३४ मध्ये ताशी १९० किलोमीटरहून अधिक वेग गाठला. मोटारींची मागणी घटलेल्या काळात या कामाने कारखान्याला आधार दिला.

अखेरची वर्षे

१९०७ मध्ये बुगाटी यांचा विवाह बार्बरा माशेर्पा यांच्याशी झाला. त्यांना लेबे व लिदिया या मुली आणि जाँ व रोलाँ हे मुलगे होते. जाँ यांनी वडिलांचा वारसा तरुणपणीच सांभाळला. टाइप ५७ व तिची अटलांटिक ही आवृत्ती त्यांच्या कल्पकतेतून साकारली. १९३६ मधील कामगारांच्या संपाने एत्तोरे दुखावले गेले. त्यानंतर ते मुख्यतः पॅरिसमध्ये राहू लागले व मोल्सहाइमचा कारभार जाँ पाहू लागले.

बुगाटी गाड्यांनी १९३७ व १९३९ मध्ये ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली. दुसऱ्या विजयानंतर काही आठवड्यांतच, ११ ऑगस्ट १९३९ रोजी, त्याच शर्यतीतील गाडीची मोल्सहाइमजवळ चाचणी घेताना जाँ यांचा मृत्यू झाला. रस्त्यावर आलेल्या सायकलस्वाराला वाचवताना त्यांची गाडी झाडावर आदळली. ते तीस वर्षांचे होते. पुढच्याच महिन्यात दुसरे महायुद्ध सुरू झाले.

फ्रान्सच्या पराभवानंतर जर्मनांच्या दबावाखाली बुगाटी यांना कारखाना विकावा लागला. युद्ध संपल्यावर, ते इटलीचे नागरिक असल्याच्या कारणावरून फ्रेंच शासनाने त्यांची मालमत्ता ताब्यात घेतली. १९४४ मध्ये पत्नी बार्बरा यांचे निधन झाले. १९४६ मध्ये त्यांनी जनव्हिएव्ह देलक्यूझ यांच्याशी विवाह केला. कारखाना परत मिळवण्यासाठी त्यांनी न्यायालयात लढा दिला. १९४७ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, परंतु तोवर ते गंभीर आजारी होते. २१ ऑगस्ट १९४७ रोजी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. मोल्सहाइमजवळील डोर्लिसहाइम येथे कुटुंबाच्या दफनस्थळी त्यांना पुरण्यात आले.

वारसा

एत्तोरे यांच्या पश्चात कंपनीला पूर्वीचे वैभव मिळाले नाही. १९६३ मध्ये ती हिस्पानो-सुइझा कंपनीने घेतली. १९९८ मध्ये बुगाटी हे नाव फोक्सवागन समूहाकडे आले व मोल्सहाइम येथे पुन्हा गाड्यांची जुळणी सुरू झाली. जुन्या बुगाटी गाड्यांचा मोठा संग्रह फ्रान्समधील म्युलूझ येथील मोटार संग्रहालयात आहे. त्यात दोन मूळ रॉयाल गाड्यांचाही समावेश आहे.

मिश्रधातूची चाके आज सर्वत्र आढळतात व क्रीडामोटारींचे अनेक मालक मूळ चाके काढून वेगळी चाके बसवतात. ही निवड करताना बुगाटी यांच्यासमोर असलेलेच प्रश्न आजही समोर येतात. चाकाने कमानींखालचे वजन घटवले पाहिजे, गाडीचा भार सोसला पाहिजे व ब्रेकला जागा आणि हवा दिली पाहिजे. टायरची रुंदी रिमशी जुळली पाहिजे आणि त्याची भार व वेग सोसण्याची क्षमता गाडीला साजेशी हवी. अधिक मोठ्या व्यासाचे चाक दिसायला आकर्षक असले, तरी ते जड असल्यास गाडीची चाल बिघडू शकते. टाइप ३५ च्या चाकाचे सौंदर्य त्याच्या उपयोगातूनच आलेले होते आणि त्यामुळेच त्या चाकाच्या प्रतिकृती जुन्या गाड्यांसाठी आजही बनवल्या जातात.