कामगार टिकावेत म्हणून जमशेटजी टाटांनी काय केलं होतं?

माणसं कामावर टिकत नाहीत, ही तक्रार आजची नाही. १८३९ मध्ये नवसारीत जन्मलेल्या जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, तेव्हा कामगार सारख्या दांड्या मारायचे. जमशेटजींनी दंडाचा बडगा उगारला नाही, गिरणीच बदलली.

हवेत ओलावा राखणारी यंत्रं आणि आग विझवणारे पाण्याचे फवारे बसवले. १८८६ मध्ये पेन्शन फंड सुरू केला. पदवीधर तरुणांना शिकाऊ म्हणून घेऊन गिरणीचं काम शिकवलं.

पोलाद कारखान्याचं स्वप्न पाहतानाही १९०२ मध्ये त्यांनी मुलाला पत्रातून कामगारांच्या शहराविषयी बजावलं. रुंद रस्ते, सावलीची झाडं, खेळाची मैदानं हवीत. १९०४ मध्ये त्यांचं निधन झालं. पुढे साकचीत उभ्या राहिलेल्या त्या शहराला १९१९ मध्ये नाव मिळालं, जमशेदपूर.