रिकाम्या पोटीची कसरत आणि पंडित नेहरू

अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या भुईकोट किल्ल्यात १९४२ च्या पावसाळ्यानंतर एक पन्नाशी ओलांडलेला कैदी कुदळ-फावडे घेऊन जमीन खणताना दिसे. किल्ल्याची जमीन कसली, नुसता मुरूम आणि दगडगोटे! चार घाव घातले की जुन्या भिंतीचा पाया लागे, नाहीतर एखाद्या घुमटाचा माथा. चांदबिबीच्या काळातले, त्याच्याही आधीच्या निजामशाहीतले अवशेष. खोल खणायला परवानगी नव्हती, कारण कैद्याने खोल खणणे कुठल्याच तुरुंगाला आवडत नाही. तरीही ऊन चढेपर्यंत, कधी चढल्यावरही, हा गृहस्थ फुलझाडांसाठी वाफे तयार करीत राही. पंडित जवाहरलाल नेहरू यांचा हा नववा आणि सर्वांत लांब तुरुंगवास होता.

सकाळी व्यायामाआधी काही खावे की नाही, हा प्रश्न आज घराघरात विचारला जातो. आजोबा म्हणतात, उपाशीपोटी. मुलगी म्हणते, केळे तरी खा. व्यायामशाळेतला शिक्षक तिसरेच सांगतो. या प्रश्नाचा धडा नेहरूंच्या आयुष्यात फार सविस्तर सापडतो. त्यांनी तो स्वतःच्या अंगावर गिरवला आणि प्रामाणिकपणे लिहूनही ठेवला. राजकारणी नेहरूंविषयी आपण पुष्कळ वाचतो, भांडतोही. शरीराची निगा राखणाऱ्या नेहरूंकडे मात्र आपले लक्ष कमी जाते.

१४ नोव्हेंबर १८८९ रोजी अलाहाबादला जन्मलेल्या या मुलाच्या घरी खाण्यापिण्याची ददात नव्हती. आनंद भवनात पोहण्याचा तलाव होता, तबेल्यात घोडे होते, आणि वडील मोतीलाल हे चोखंदळ खवय्ये. पुढे हॅरो, मग केंब्रिजचे ट्रिनिटी कॉलेज. तिथे त्यांनी रसायन, भूगर्भ आणि वनस्पतिशास्त्र घेऊन पदवी मिळवली, म्हणजे शिक्षणाने हा माणूस विज्ञानाचा. १९१० मध्ये नॉर्वेच्या सहलीत हिमनदीच्या ओढ्यात आंघोळीला उतरले, पाय घसरला, गारठ्याने अंग बधिर झाले आणि प्रवाहाबरोबर वाहत निघाले. सोबतच्या इंग्रज तरुणाने पाय धरून ओढले म्हणून वाचले. अंगात रग होती, पण शिस्त अजून यायची होती.

ती शिस्त तुरुंगाने लावली. ६ डिसेंबर १९२१ रोजी पहिली अटक झाली आणि लखनौच्या तुरुंगात रवानगी झाली. तिथे व्यायाम म्हणून ते पळत. आणखी एक प्रकार होता, तो आपल्याकडच्या शेतकऱ्याला ऐकून गंमत वाटेल. आवारातल्या विहिरीवर मोट होती. बैलांच्या जागी दोघादोघांनी स्वतःला जुंपून घ्यायचे, मोट ओढायची आणि ते पाणी भाजीच्या वाफ्यांना सोडायचे! आपल्या नगर जिल्ह्यात मोटा होत्या त्या काळी गडी भल्या पहाटे मोट धरीत आणि भाकरी-पिठल्याची न्याहारी मागून शेतावर येई. आधी काम, मग न्याहारी, हा क्रम शेतीने शेकडो वर्षे पाळला. तालमीतही तेच. जोर-बैठका आणि कुस्ती रिकाम्या पोटी, आणि त्यानंतर भिजवलेले हरभरे, दूध, बदामाची थंडाई. पण एक गोष्ट आपण विसरतो. त्या गड्याचे किंवा पैलवानाचे आदल्या रात्रीचे जेवण पोटभर असे, आणि कामानंतरची न्याहारी चुकत नसे.

१९३० च्या ऑगस्टमधला एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. मोतीलाल, जवाहरलाल आणि डॉ. सय्यद महमूद हे तिघे अलाहाबादजवळच्या नैनी तुरुंगात होते. गांधीजींशी बोलणी करता यावीत म्हणून सरकारने त्यांना खास गाडीने पुण्याला येरवड्यात आणले. तुरुंगाधिकारी कर्नल मार्टिन यांनी मोतीलालजींना जेवणाचे विचारले. ते म्हणाले, अगदी साधे आणि हलके. आणि मग पहाटे अंथरुणातल्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंतची यादी सांगू लागले. लंडनच्या बड्या हॉटेलात ती साधी ठरली असती. येरवड्यात कर्नलसाहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला, कारण त्यांचा आजवरचा सर्वांत मोठा पाहुणा शेळीचे दूध, खजूर आणि फार तर संत्री यांवर भागवत होता. जवाहरलाल आणि महमूद यांना हसू आवरेना. एका बाजूला वडिलांचा अंथरुणातला चहा, दुसऱ्या बाजूला गांधीजींचा खजूर. जवाहरलालांना या दोहोंमधून स्वतःची वाट काढायची होती.

त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी जी चूक केली, ती आपल्या विषयाचा गाभा आहे. ऑक्टोबरमध्ये आठवडाभर बाहेर राहून ते पुन्हा नैनीत आले होते. राहण्याची जागा म्हणजे उंच गोल भिंतीच्या आतली बराक. तुरुंगातले लोक तिला कुत्ताघर म्हणत. राजकीय कैद्यांना फटके मारल्याच्या बातम्या आल्या तेव्हा निषेध म्हणून त्यांनी आणि सोबत्यांनी ७२ तासांचा उपास केला. फक्त पाणी. त्याआधी नेहरूंनी २४ तासांपेक्षा जास्त उपास कधी केला नव्हता. उपास जमला, फारसा त्रासही झाला नाही, आणि त्याचे त्यांना बरे वाटले. पण या तीन दिवसांत त्यांनी रोजचा व्यायाम सोडला नाही. पळणे चालू, हातापायांच्या जोरकस कसरती चालू. आधीपासून प्रकृती थोडी नरम असतानाही! प्रत्येकाचे वजन सात-आठ पौंडांनी, म्हणजे तीन-साडेतीन किलोंनी उतरले. शिवाय आधीच्या महिन्यांत तुरुंगात घटलेले वजन वेगळेच. आत्मचरित्रात त्यांनी हा मूर्खपणा होता असे स्वच्छ कबूल केले आहे.

तो मूर्खपणा का, हे आज नेमके सांगता येते. आपल्या यकृतात साधारण शंभर ग्रॅम साखर साठवलेली असते आणि स्नायूंत त्याच्या तीन-चारपट. रात्रभराच्या झोपेत यकृतातला साठा बराच उतरतो, पण स्नायूंतला जवळजवळ तसाच राहतो. म्हणून सकाळी उठून अर्धा-पाऊण तास चालणे, नमस्कार, आसने रिकाम्या पोटी केली तर निरोगी माणसाचे काही बिघडत नाही. पण एक दिवस उलटला की यकृताचे कोठार रिकामे होते. मग शरीर चरबीकडे वळते आणि थोडेफार स्नायूही मोडून खाते. साखरेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर शरीराने तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते, तेही निघून जाते. नेहरूंचे तीन-साडेतीन किलो तीन दिवसांत गेले त्यात पाण्याचा वाटा मोठा असणार. उपासाने झटपट वजन उतरले म्हणून आनंदणाऱ्या आपल्या मंडळींनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही. रिकाम्या पोटी व्यायाम करताना चरबी थोडी जास्त जळते हे खरे. पण काही आठवड्यांचा हिशेब संशोधकांनी मांडला, तेव्हा एकूण खाणे सारखे असलेल्यांच्या वजनात फारसा फरक दिसला नाही.

१९३४-३५ मध्ये तुरुंगातच लिहिलेल्या त्या आत्मचरित्रात शीर्षासनाचाही उल्लेख आहे. डोके खाली, पाय वर. शरीराला ते चांगले असावे असे त्यांना वाटे, पण त्याहून त्यांना आवडे तो त्याचा मनावरचा परिणाम. अशा हास्यास्पद अवस्थेत उभे राहिले की माणूस स्वतःला फार गंभीरपणे घेत नाही आणि जगाचा विक्षिप्तपणा सोसायला जरा तयार होतो, असा त्यांचा अनुभव. इथे मात्र खाण्याबाबत मतभेदाला जागाच नाही. जठरातले अन्न उलटे घशाकडे येऊ नये म्हणून आसनांच्या परंपरेने पोट रिकामे असण्याचा दंडक घातला आहे आणि वैद्यकशास्त्र त्याला दुजोराच देते. (रक्तदाब किंवा काचबिंदू असलेल्यांनी हे आसन नेहरूंचे नाव सांगूनही करू नये.)

आता पुन्हा नगर. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत धरपकड झाली. गांधीजींना वाटेत चिंचवडला उतरवून आगाखान पॅलेसमध्ये नेले. पुण्याच्या फलाटावर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी लाठ्या उगारताच बावन्न वर्षांच्या नेहरूंनी डब्याच्या खिडकीतून बाहेर उडी घेतली. शंकरराव देवही उतरले, त्यांना शिपायांनी उचलून आत टाकले. रोजच्या कसरतीचा असाही उपयोग होतो! कार्यकारिणीचे बाकीचे नेते नगरला उतरले. मौलाना आझाद, सरदार पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, असफ अली, पट्टाभि सीतारामय्या, प्रफुल्लचंद्र घोष, सय्यद महमूद, हरेकृष्ण महताब, शंकरराव देव आणि नेहरू, असे बाराजण. कुठे ठेवले आहे हे घरच्यांनाही कळू दिले नव्हते. सुरुवातीला पत्रे नाहीत, वर्तमानपत्र नाही. जेवण आले ते लोखंडी थाळ्यांत. मौलानांनी हरकत घेतल्यावर चिनी मातीची भांडी आली.

या बाराजणांच्या सकाळी किती निराळ्या! मौलाना पहाटे तीन-चारला उठत आणि पांढऱ्या चमेलीचा चिनी चहा स्वतः करून, दुधाशिवाय, घोट घोट घेत. त्या शांत वेळी त्यांनी न पाठवता येणारी पत्रे लिहिली, तीच पुढे ‘गुबार-ए-खातिर’ या पुस्तकात आली. चहात गूळ घालण्याची कल्पनाही त्यांना सहन होत नसे. आणि नेहरूंना गोडाची एवढी आवड की त्यांना गूळही चाले. मौलानांनी यावरून त्यांची थट्टा केली आहे. गुळासाठी प्रसिद्ध असलेल्या महाराष्ट्रात बसून एका विद्वानाने गुळाला नाव ठेवावे, हे आपल्याला जरा झोंबतेच. खरे तर तासाभराहून जास्त खणायचे, पळायचे किंवा डोंगर चढायचा असेल तर आधी गुळाचा खडा, केळे किंवा मूठभर चुरमुरे पोटात असणे शहाणपणाचे. गूळ-पाणी देऊन पाहुण्याचे स्वागत करणाऱ्या आपल्या आज्यांना ते पुस्तकाशिवाय ठाऊक होते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर उपाशीपोटी जोराचा व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये. साखर एकदम उतरते.

पण १९४३ साल उजाडले आणि रिकामे पोट हा शब्दच वेगळा झाला. १० फेब्रुवारी ते ३ मार्च गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये २१ दिवसांचा उपास केला. ते वाचतील की नाही याची देशाला धास्ती होती. नेहरूंना गांधीजींचे उपास कधीच मनापासून पटले नाहीत. १९३२ आणि १९३३ मध्येही ते अस्वस्थ झाले होते. राजकीय प्रश्नाची अशी भावनिक तड लागावी हे त्यांच्या बुद्धीला रुचत नसे, आणि तरी त्या माणसावरचे प्रेम सुटत नसे. नगरच्या तटबंदीआड हाती काही नसताना एकवीस दिवस मोजणे त्यांना किती जड गेले असेल!

आणि मग बंगाल. त्या वर्षीच्या दुष्काळात जवळजवळ तीस लाख माणसे भुकेने आणि रोगराईने मेली असे अभ्यासक मानतात. कलकत्त्याच्या रस्त्यांवर प्रेते पडत होती आणि किल्ल्यात हे बाराजण दोन वेळ जेवत होते. त्यांत प्रफुल्लचंद्र घोष बंगालचे, मौलानांचे घर कलकत्त्यात. मौलानांच्या पत्नी त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारल्या, आणि भेटीसाठी सरकारकडे सवलत मागायचे त्यांनी नाकारले होते. एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत नेहरूंनी किल्ल्यात ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. त्याच्या पहिल्याच प्रकरणात या दुष्काळावर त्यांची लेखणी संतापाने चालते. ज्याला न्याहारी मिळणार आहे त्याचेच रिकामे पोट आरोग्यदायक असते. नैनीतल्या तीन दिवसांचा उपासही त्यांनी स्वतः निवडलेला होता. बंगालमध्ये कोणी निवडले नव्हते.

२८ मार्च १९४५ रोजी त्यांना नगरहून हलवले आणि १५ जूनला अल्मोड्याहून सुटका झाली. एकूण १,०४१ दिवस. साठी जवळ आली होती तरी प्रकृती ठणठणीत होती, आणि पंतप्रधान झाल्यावरची धावपळ त्या भांडवलावर चालली. सकाळची आसने त्यांनी सोडली नाहीत. १९५२ मध्ये व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन दिल्लीत आले. योगाचा विषय निघाला, तेव्हा पंतप्रधानांनी पाहुण्यालाच डोक्यावर उभे राहून दाखवायला सांगितले आणि मग स्वतः ते करून दाखवले. मेन्युहिन तिथून मुंबईला गेले. तिथे पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार त्यांना भेटले आणि त्या भेटीतून अय्यंगारांचा योग पुढे युरोपात पोचला.

नेहरू नगर जिल्ह्यात पुन्हा आले ते १९६१ मध्ये, प्रवरानगरला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभ्या केलेल्या सहकारी साखर कारखान्यात. ज्या जिल्ह्यात गुळावरून मौलानांनी त्यांची फिरकी घेतली होती, तिथेच शेतकऱ्यांच्या मालकीची साखर पोत्यांत भरली जात होती. मौलाना मात्र तीन वर्षांपूर्वीच, २२ फेब्रुवारी १९५८ रोजी गेले होते.

पुढच्या वर्षापासून नेहरूंचे शरीर थकू लागले. चीनच्या युद्धाने मन खचले, जानेवारी १९६४ मध्ये भुवनेश्वरला पक्षाघाताचा झटका आला आणि २७ मे १९६४ रोजी दुपारी त्यांचे निधन झाले. नगरच्या किल्ल्यात नेत्यांच्या त्या खोल्या आजही आहेत. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. त्यांनी वाफ्यांसाठी खणलेली ती जमीन अजून तशीच खडकाळ आहे.