चांदबिबीचा विवेक

राष्ट्राचे हित कशात आहे आणि त्यासाठी तलवार केव्हा उपसावी, हा प्रश्न केवळ राजधानीतील मुत्सद्द्यांचा आहे, असे आमच्या वाचकांनी समजू नये. सिद्धेश्वर तलावाकाठचा आमचा भुईकोट किल्ला या प्रश्नाचा जुना साक्षीदार आहे. सोळाव्या शतकात त्याच्यासाठी निजामशाही व आदिलशाही वारंवार झगडल्या. अखेर अहमदनगरच्या हुसेन निजामशहाने आपली कन्या चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहास दिली आणि सोलापूरचा किल्ला आंदण दिला. या सोयरिकीमागे विजयनगरविरुद्धची युती होती. १५६५ मध्ये ती तालिकोटच्या रणात यशस्वी झाली. परंतु समान शत्रू नाहीसा होताच दक्षिणेतील शाह्या पुन्हा आपापसांत भांडू लागल्या. उत्तरेकडून येणारे संकट त्यांना दिसले नाही.

१५८० मध्ये पतीचा खून झाल्यावर चांदबिबीने विजापुरात अल्पवयीन इब्राहिमच्या वतीने कारभार पाहिला. साताऱ्याच्या किल्ल्यात कैदही भोगली. पुढे ती माहेरी आली. १५९५ च्या अखेरीस शहाजादा मुरादच्या मोगल फौजेने अहमदनगरला वेढा घातला. सुरुंगाने तट फुटला तेव्हा ती तलवार घेऊन खिंडाराशी उभी राहिली आणि रातोरात ते बुजवून घेतले. ही चांदबिबी सर्वांस ठाऊक आहे. आम्हांस मात्र तिचे पुढचे कृत्य अधिक मोलाचे वाटते. १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांस देऊन तिने तह केला आणि बालराजा बहादुर व राजधानी राखली. प्रांत गेला, राज्य राहिले.

१६०० मध्ये शहाजादा दानियाल चालून आला. दरबारात दुही माजली होती. आता लढून निभाव लागणार नाही हे ओळखून तिने वाटाघाटीचा विचार मांडला. तत्काळ फितुरीची हाकाटी झाली आणि स्वकीयांनीच तिचा वध केला. लवकरच किल्ला पडला. बहादुरची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत झाली.

प्रत्येक तह शहाणपणाचा असतो, असे आमचे म्हणणे नाही. खिंडाराशी ती उभी राहिली नसती, तर १५९६ चा तह तिच्या पदरी पडलाच नसता. पण आपले बळ किती, शत्रूचे किती आणि काय गमावून काय राखावयाचे, याचा हिशेब मांडणाऱ्यास भ्याड किंवा फितूर ठरविण्याची घाई जनतेने करू नये. नगरच्या लोकांनी ती केली आणि राजधानीबरोबर राजाही गमावला.